रात्री न खाल्लेली साखर

अगं, तुझा रिपोर्ट पाहिला. उपाशीपोटी ११८, जेवणानंतर दोन तासांनी १३४, एचबीए१सी ६.१. आणि त्याखाली तुझा प्रश्न: "ताई, रात्री फक्त मुगाचं कढण घेतलं होतं. भात नाही, पोळी नाही, फळाची फोडसुद्धा नाही. मग ही साखर आली कुठून?"

यकृतातून आली. पण एवढ्याने तुझं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. गेले काही महिने तू भाताच्या प्रत्येक घासाला घाबरतेस, सणाच्या दिवशी सगळ्यांना वाढून स्वतः पानावरून लवकर उठतेस, आणि आकडा वाढला की स्वतःलाच बोल लावतेस. ते पाहून माझा जीव तुटतो. इतकी वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते आहे, तर या विषयावर तुझ्याशी सविस्तर बोलायचा हक्क मला आहे, असं समज. चहा घेऊन बैस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी एक हिशेब. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकट्या मेंदूला दिवसाला लागतं सुमारे १२० ग्रॅम, तासाला पाच ग्रॅम. तांबड्या रक्तपेशींचं तर ग्लुकोजवाचून भागतच नाही. म्हणजे कुणी सतत भर घालत नसेल, तर रक्तातली साखर तासाभरातच संपून जाईल. तू रात्री नऊला जेवतेस, सकाळी सातला रक्त द्यायला जातेस. मधल्या दहा तासांत पोटात काही गेलेलं नसतं, तरी मेंदू चालू असतो, स्वप्नं पडतात, सकाळी उठून तू मुलांचे डबे करतेस. ती भर यकृत घालत असतं. साठ किलो वजनाच्या माणसाचं यकृत रात्रभराच्या उपाशीपणानंतर तासाला साधारण सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. त्यामुळे फास्टिंगचा आकडा वाचताना कालचं ताट आठवत बसू नकोस. यकृताने रात्रभर किती साखर सोडली आणि शरीराने त्यातली किती वापरली, त्याची ती नोंद आहे.

हे आज पुस्तकात एका ओळीत येतं, पण एकेकाळी कुणाला पटत नव्हतं. साखर वनस्पतींनीच बनवायची आणि प्राण्यांनी ती नुसती खाऊन जाळायची, असं त्या काळी मानलं जायचं. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी कुत्र्याला फक्त मांस खायला घातलं, साखरेचा कणही दिला नाही, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. मग १८५५ मध्ये त्यांनी मेलेल्या कुत्र्याचं यकृत काढून त्याच्या शिरांमधून पाणी सोडलं. बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा अंशही उरला नाही, इतकं ते धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यात पुन्हा भरपूर साखर. म्हणजे यकृतात काहीतरी असं साठवलेलं होतं, ज्यापासून साखर तयार होत होती. १८५७ मध्ये त्यांनी तो साठा वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन. वर्गात मुलींना हा प्रयोग सांगताना मला अजूनही भरून येतं. इतका साधा प्रयोग, आणि त्याने शरीराकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली.

आता हा साठा कसा चालतो ते सांगते. आपल्याकडे लग्नघरात कोठीची किल्ली एका जाणत्या बाईकडे असायची, आठवतं? बाजारातून माल आला की तो आत लावायचा, स्वयंपाक्यांनी मागितलं की बाहेर काढून द्यायचा, आणि संपत आलं की नवं मागवायचं. यकृताचं काम तेच. जेवण झालं की आतड्यातून शोषलेली साखर आधी थेट यकृतात येते. त्यातली बरीचशी यकृत ठेवून घेतं, एकात एक गुंफून ग्लायकोजेन करतं. असा साठा साधारण शंभर ग्रॅमपर्यंत होतो. जेवणानंतर काही तास उलटले की तोच साठा मोडून थोडी थोडी साखर रक्तात जाते.

स्नायूंमध्ये याच्या चौपट, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं. पण स्नायू ते रक्ताला परत देत नाहीत, स्वतःच वापरतात. याचं कारण एक एन्झाइम आहे. साठ्यातून निघालेल्या ग्लुकोजवर फॉस्फेट चिकटलेलं असतं, आणि ते असेपर्यंत पेशीतून बाहेर पडता येत नाही. ते काढून टाकणारं एन्झाइम म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. यकृतात ते आहे, स्नायूंत नाही. एवढ्या एका फरकामुळे सगळ्या अंगाला साखर पुरवण्याची जबाबदारी मुख्यतः यकृतावर पडली आहे.

या एन्झाइमच्या मागे जी बाई आहे, तिच्याविषयी तुला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गर्टी कोरी. १८९६ साली प्रागमध्ये जन्म. तिथेच डॉक्टर झाल्या, वर्गातल्याच कार्ल कोरींशी लग्न केलं आणि १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत गेली. दोघं मिळून संशोधन करायची, पण नोकरी द्यायची वेळ आली की सगळ्यांना कार्लच हवे असायचे. बायकोसोबत काम केल्याने तुझं नुकसान होईल, असं त्यांना बजावलं जायचं. सेंट लुईसमध्ये कार्ल विभागप्रमुख झाले, आणि गर्टींना सहायक संशोधकाची जागा मिळाली, नवऱ्याच्या मानाने अगदीच तुटपुंज्या पगाराची. तरी ही जोडी फुटली नाही. ग्लायकोजेन मोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइम त्यांनी ओळखलं. त्यातून पहिल्यांदा जो पदार्थ निघतो तो १९३६ मध्ये शोधला, त्याला आजही 'कोरी एस्टर' म्हणतात. १९४७ साली दोघांना नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी जगातली पहिली स्त्री ती. पूर्ण प्राध्यापकपदही त्याच वर्षी मिळालं. तोवर त्यांना हाडाच्या मगजाचा असाध्य आजार जडला होता. तरी त्या प्रयोगशाळेत जात राहिल्या, आणि १९५२ मध्ये दाखवून दिलं की काही लहान मुलांचं यकृत ग्लायकोजेनने फुगतं आणि त्यांची शुगर उपाशीपोटी धोकादायक खाली जाते, त्याचं कारण त्यांच्या यकृतात हेच ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसतं. एखादा जन्मजात आजार एका ठरावीक एन्झाइमच्या अभावाने होतो, हे त्यातून स्पष्ट सिद्ध झालं. पाचच वर्षांनी त्या गेल्या. तुझी लेक विज्ञानाला जायचं म्हणते ना, तिला ही गोष्ट जरूर सांग.

पण यकृताला कळतं कसं, कधी साठवायचं आणि कधी सोडायचं? ते हार्मोन सांगतात. स्वादुपिंडात छोटी छोटी बेटं असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. दोन्ही स्वादुपिंडातून निघतात आणि सगळ्यांच्या आधी यकृतात पोचतात. तिथे आलेल्या इन्सुलिनपैकी निम्मं तर यकृतच संपवतं, उरलेलं बाकीच्या शरीराला मिळतं. निसर्गाने यकृताला हा मान दिला आहे.

जेवलीस की इन्सुलिन वाढतं. ते यकृताला सांगतं: साखर आत घे, ग्लायकोजेन बनव, बाहेर सोडणं थांबव. यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम असतं. रक्तातली साखर जास्त असेल तेव्हाच ते जोरात काम करतं, त्यामुळे साखर कमी असताना यकृत मेंदूच्या वाट्याची साखर ओढून घेत नाही. उपाशी राहिलीस की इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन वरचढ होतं आणि फॉस्फोरिलेजला कामाला लावतं. या निरोपाची साखळी अशी आहे की ग्लुकागॉनचा एक रेणू पेशीच्या दाराशी आला की आत क्षणात हजारो रेणू जागे होतात. ही साखळी ज्यांनी उलगडली ते अर्ल सदरलँड कोरींच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले. त्यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं.

आणि इन्सुलिन-ग्लुकागॉनखेरीज आणखीही हार्मोन आहेत. दचकलीस, भांडलीस, जिना धावत चढलीस की ॲड्रेनालिन साखर सोडायला लावतं. पहाटे तीन-चारपासून कॉर्टिसॉल वाढू लागतं. उठून कामाला लागायची शरीराची ती तयारी असते, आणि ती सगळ्यांमध्ये होते. ज्यांचं इन्सुलिन नीट काम करतं, त्यांच्यात ते थोडं वाढून आकडा सांभाळलेला राहतो. ज्यांचं यकृत इन्सुलिनला पुरती दाद देत नाही, त्यांची शुगर पहाटे चढते. तू रात्री अकराला घरी मशीनवर पाहिलंस तर १०२ आणि सकाळी ११८, हे कोडं तुला पडलं होतं ना? मध्ये काही न खाता आकडा चढला, कारण यकृताने पहाटे साखर सोडली.

आता साठा संपत आल्यावर काय? बारा-चौदा तास उलटले की ग्लायकोजेन बरंच कमी होतं, दिवसभर कडक उपास केला तर जवळजवळ संपतंच. तोवर यकृताने दुसरं काम सुरू केलेलं असतं: नवीन ग्लुकोज बनवणं. स्नायू आणि रक्तपेशींकडून आलेलं लॅक्टेट, प्रथिनांतून आलेलं ॲलनिन, चरबीतून आलेलं ग्लिसरॉल, हा कच्चा माल. सकाळी उठेपर्यंत तुझ्या रक्तात जाणाऱ्या साखरेपैकी साधारण निम्मी अशी नव्याने बनलेली असते.

इथे तुझ्या रिपोर्टातली आणखी एक ओळ येते. एसजीपीटी ५२. त्याच्यापुढे लॅबने बाण काढला आहे आणि तू त्याबद्दल काही विचारलेलंच नाहीस. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं एन्झाइम आहे. ॲलनिनमधला नायट्रोजन काढून त्यापासून पायरुव्हेट बनवायचं, म्हणजे नव्या साखरेसाठी कच्चा माल तयार करायचा, हे त्याचं रोजचं काम. त्याची जागा पेशीच्या आत आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं आणि रिपोर्टात वाढलेलं दिसतं. तुझ्यासारख्या, दारूला कधी न शिवलेल्या बाईमध्ये ते थोडंसं वाढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फॅटी लिव्हर. अर्थात कावीळ पसरवणारे विषाणू, काही औषधं अशी इतरही कारणं असतात, ती डॉक्टर तपासतील. आणि उलटंही लक्षात ठेव: एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून यकृतात चरबी नाहीच, असं म्हणता येत नाही.

"पण मी तर बारीक आहे!" हे तू म्हणणार, मला ठाऊक आहे. यावरचं जगातलं मोलाचं काम आपल्या पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण हा आठशे ग्रॅमचा फरक होता स्नायूंचा आणि पोटातल्या अवयवांचा. चरबी आपल्या बाळांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला किडकिडीत, आत चरबी. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नकोस. टेप घेऊन कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. दंडापायांनी काडी आणि पोटाने सुटलेली, अशी आपल्या घरातली किती माणसं आहेत ते आठव.

पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून फॅटी ॲसिड्स आणि ग्लिसरॉल सतत यकृताकडे जातात. ग्लिसरॉलपासून साखर बनते. फॅटी ॲसिड्स जळताना जे तयार होतं, ते नवी साखर बनवणाऱ्या एन्झाइमला, पायरुव्हेट कार्बोक्सिलेजला, आणखी चेतवतं. यकृतात चरबी साठत गेली की इन्सुलिनचा "साखर सोडू नकोस" हा निरोप तिथे लागू पडेनासा होतो. दुर्दैव असं की "चरबी बनव" हा त्याचाच दुसरा निरोप यकृत अजूनही पाळतं. स्वादुपिंड बिचारं जास्त इन्सुलिन ओततं, त्याने साखर पुरती आटोक्यात येत नाही आणि यकृतातली चरबी मात्र वाढते. काही वर्षांनी स्वादुपिंडही थकतं. तुझी जेवणानंतरची शुगर अजून चांगली आहे, म्हणजे स्नायू बरंच काम करताहेत आणि स्वादुपिंडातही जोर आहे. फास्टिंग तेवढी बिघडली आहे. हे चित्र बहुतेक वेळा यकृताकडेच बोट दाखवतं. आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त करता येण्यासारखं असतं.

किती करता येतं, त्याचा पुरावा देते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये टाइप टू डायबेटिस असलेल्या अकरा जणांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे रोज जेमतेम ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी तीस टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची शुगर जवळजवळ नॉर्मल झाली. एका आठवड्यात! हे तू घरी करायचं नाहीस, ते मी तुला करू देणार नाही. सांगायचं एवढंच की यकृतातली चरबी हट्टी नसते. ती सगळ्यांत आधी जाते. तुझं वजन पाच-सहा टक्के जरी उतरलं, म्हणजे तीन-साडेतीन किलो, तरी यकृताला फरक जाणवेल.

तर आता माझं ऐक. रात्रीचं जेवण सोडणं बंद कर. कढणावर झोपून सकाळी आकडा उतरत नाही, हे तू पाहिलंच आहेस. संध्याकाळी लवकर, साधं, पोट भरेल असं जेव: भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. भात हवा असेल तर वाटीभर घे, आणि मन लावून खा. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाल. चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात, हे वरदानच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जोर लागेल असा व्यायाम कर, उठाबशा काढ, पाण्याच्या बाटल्या उचल. आपल्या हाडापेराला स्नायू कमी, ते वाढवायलाच हवेत.

साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे चालतं, असं शेजारीण म्हणत असेल. गूळ मुख्यतः साखरच आहे. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज बहुतेक सगळं यकृतातच जातं. ग्लुकोजच्या वाटेवर यकृताचा जो तपासणीचा टप्पा असतो, तो त्याला लागत नाही, त्यामुळे जास्त झालं की त्याची चरबी होते. मध, खडीसाखर, पॅकबंद रस, थंड पेयं, सगळ्यांना हे लागू आहे. चहा बिनसाखरेचा कर, पंधरा दिवसांत जीभ सरावते. फळ मात्र चावून खा, त्याला घाबरू नकोस. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू, याने यकृताला कसलीही विश्रांती मिळत नाही, हे तुला सांगायलाच हवं.

झोपेचं तर मी तुला विनवून सांगते. रात्री एकपर्यंत ऑफिसचं काम आणि सकाळी साडेपाचला डबे, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि ताणाचे हार्मोन यकृताला साखर सोडायला लावतात. एक डबा तुझा नवरा करू शकतो. त्याला सांग, मी सांगितलंय म्हणून सांग.

आईचंही या निमित्ताने बोलते. ती ग्लिमेपिराइडची गोळी घेते आणि एकादशी कडक करते. ही गोळी, जेवण झालं आहे की नाही ते न पाहता, स्वादुपिंडातून इन्सुलिन काढते. ते इन्सुलिन यकृताचं साखर सोडणं थांबवतं, पोटातूनही काही येत नाही, आणि शुगर ७० च्या खाली जाते. तिला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, ते ॲड्रेनालिनमुळे. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. ती गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. आणि एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीचा डोस ठरवून घ्यायचा. तिचं मन मोडायची गरज नाही, पण हे न विचारता तिला उपास करू देऊ नकोस. तसंच तुझ्या नवऱ्याच्या कानावर घाल, उपाशीपोटी दारू घेतली की यकृताचं नवी साखर बनवणं अडतं. पार्टीत जेवण राहिलं आणि नुसते पेले झाले, तर शुगर धोकादायक उतरू शकते.

तुला मेटफॉर्मिन सुरू करायचं का, ते डॉक्टर ठरवतील. दिलंच तर तोंड पाडू नकोस. हे औषध मुख्यतः यकृतावरच काम करतं, त्याचं साखर सोडणं कमी करतं. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्यावरून त्याचा शोध लागला, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते पहिल्यांदा मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. एवढा जुना, इतक्या माणसांनी पारखलेला आधार आहे. फक्त त्याने दीर्घकाळात बी१२ उतरतं, आणि आपण शाकाहारी, आपलं बी१२ आधीच कमी. म्हणून वर्षातून एकदा ते तपासायचं. आणि कुणी आणून दिलेली चूर्णं, काढे, "लिव्हर साफ करणारे" थेंब घेऊ नकोस. गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेलं आहे. वनस्पती म्हटली की निरुपद्रवीच, असं यकृताच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

आणखी एक. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात तुला शुगर निघाली होती, बाळंतपणानंतर उतरली आणि सगळे विसरले. वारेतून येणारे हार्मोन त्या काळात इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, म्हणून ती वाढते. पण ज्यांना तेव्हा शुगर निघते, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. हे डॉक्टरांना आपणहून सांग. त्यांनी विचारायची वाट पाहू नकोस.

११८ म्हणजे मधुमेह नव्हे. तो १२६ पासून धरतात, तोही दोनदा तपासून. एचबीए१सी ६.५ पासून. तू १०० ते १२५ आणि ५.७ ते ६.४ यांच्या मधल्या पट्ट्यात आहेस. आपल्या देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३ कोटी ६० लाख माणसं आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलं. त्यांतल्या कित्येकांना आपला आकडा माहीतही नाही. तुला माहीत आहे, आणि वेळही हातात आहे.

या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून घे आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणीही. तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि एसजीपीटी पुन्हा. रिपोर्ट आले की मला पाठव, आकडा कसाही असला तरी लपवू नकोस. आणि आज रात्री नीट जेव.